सगळे जगच हात धुते आहे, मग माझेच कुठे चुकते? साथीच्या काळातील मंत्रचळ

ठाण्याच्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या पत्नी ३६ वर्षांच्या असून नऊ वर्षांपासून त्यांना ओसीडीचा, म्हणजे आपल्याकडे ज्याला मंत्रचळ म्हणतात त्या आजाराचा, त्रास आहे. उपचारांमुळे २०१९ पर्यंत त्या पुष्कळ सावरल्या होत्या. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, दवाखान्यात जाणे थांबले आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत गोळ्याही सुटल्या. आता, २०२१ च्या पावसाळ्यात, दुसरी लाट ओसरली असली तरी घरात दुधाची पिशवी साबणाने तीनदा धुतली जाते, किराणा तीन दिवस बाल्कनीत पडून राहतो, नोटा धुऊन दोरीवर चिमट्याने वाळत घातल्या जातात आणि बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला दारातून थेट न्हाणीघरात जावे लागते. सात वर्षांच्या मुलीच्या हातांची कातडीही सोलवटू लागली आहे. काही बोलले की पत्नी म्हणतात, "सगळे जगच हात धुते आहे, मग माझेच कुठे चुकते?" याला काय उत्तर द्यावे आणि घरी नेमके काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

आपल्या पत्नीचा प्रश्न रास्त आहे, आणि गेल्या सव्वा वर्षात अनेक रुग्णांनी मला तो जवळजवळ याच शब्दांत विचारला आहे. साथीपूर्वी आम्ही डॉक्टर मंडळी रुग्णाला म्हणत असू की शेजारपाजारची माणसे पाहा, बाजारातून आल्यावर ती काय करतात ते पाहा आणि तेवढेच करा. मार्च २०२० मध्ये हा आधारच निखळला. शेजारीपाजारी दाराची कडी सॅनिटायझरने पुसू लागले आणि फोन लावावा तर पलीकडून हॅलो ऐकू येण्याआधी खोकल्याचा आवाज आणि हात धुण्याची सूचना कानी पडू लागली. ज्या माणसाने मोठ्या कष्टाने स्वतःच्या मनाला 'ही भीती खोटी आहे' असे शिकवत आणले होते, त्याला सरकार, वृत्तवाहिन्या आणि घरचे असे सगळे मिळून सांगू लागले की भीती खरी आहे. त्यामुळे आपल्या पत्नीला आपण वेड्या ठरवत नाही, हे पहिल्यांदा त्यांच्यापर्यंत पोहोचले पाहिजे. त्यांची भीती बाहेरच्या जगातूनच आलेली होती. त्या भीतीचे पुढे जे झाले तो आजार आहे.

खबरदारी आणि मंत्रचळ यांतील फरक हात किती वेळा धुतले या आकड्यात शोधू नका. रुग्णालयातील परिचारिका दिवसातून पन्नास वेळा हात धुते आणि ती पूर्ण निरोगी असते. फरक पाहायचा तो हात धुणे कशावरून थांबते यात. आपण वीस सेकंद साबण चोळतो, पाणी ओततो, हात पुसतो आणि पुढच्या कामाला लागतो. तासाभराने कुणी विचारले तर हात धुतल्याचे आठवतही नाही. मंत्रचळाचा रुग्ण मात्र 'आता झाले' ही भावना मनात उमटण्याची वाट पाहत नळाखाली उभा असतो. ती भावना येत नाही, किंवा आली तरी पाणी बंद करताना मनगट नळाला लागल्याची शंका येते आणि सारे पहिल्यापासून सुरू होते. खबरदारीला शेवट असतो, कारण तिचा नियम बाहेरून ठरलेला असतो. मंत्रचळाला शेवट नसतो, कारण त्याचा नियम खात्रीवर अवलंबून असतो, आणि शंभर टक्के खात्री हा या आजाराने मागितलेला असा पदार्थ आहे जो कोणत्याही दुकानात मिळत नाही. एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच वैद्य या आजाराला संशयाचे वेड म्हणत असत, आणि मला ते नाव आजही आजाराच्या गाभ्याजवळ जाणारे वाटते.

यामागची यंत्रणा घरातील सर्वांनी समजून घेण्यासारखी आहे. शंका आली की जीव घाबरतो, धुतले की काही मिनिटे बरे वाटते, आणि मेंदू त्यातून एकच धडा घेतो: धुतले म्हणून वाचलो. पुढच्या वेळी शंका अधिक लवकर येते आणि आराम अधिक थोडा टिकतो. तपासण्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट प्रयोगांतून दिसलेली आहे. तीच वस्तू पुन्हा पुन्हा तपासली की ती नीट तपासल्याची आठवण पक्की होण्याऐवजी धूसर होत जाते. गॅसचे बटण दहाव्यांदा पाहिलेला माणूस एकदाच पाहिलेल्या माणसापेक्षा कमी ठामपणे सांगू शकतो की ते बंद आहे. म्हणून 'एकदाचे मनासारखे धुऊ दे, मग शांत होईल' ही घरच्यांची आशा फोल ठरते.

या आजाराचा विषय काळाप्रमाणे बदलतो, हेही सांगितले पाहिजे. एके काळी गुप्तरोगाची धास्ती असे, १९८० च्या दशकात एड्सची आली, आपल्याकडे विटाळाची आणि सोवळ्या-ओवळ्याची शंका तर पिढ्यान्‌पिढ्या आहे. कोरोना हे आजाराने पांघरलेले नवे वस्त्र आहे. म्हणूनच विषाणूबद्दल वाद घालून मंत्रचळ हटत नाही. विषाणू गेला तर तो दुसरे काहीतरी पांघरतो.

आता 'माझे कुठे चुकते' या प्रश्नाचे उत्तर. माझ्या रुग्णांना मी एकच नियम देतो: सार्वजनिक आरोग्याचे जे नियम आहेत तीच खालची मर्यादा आणि तीच वरची. त्याहून कमी करायचे नाही आणि तितकेच निक्षून, त्याहून जास्तही करायचे नाही. बाहेरून घरी आल्यावर, स्वयंपाकाला लागण्यापूर्वी, जेवण्यापूर्वी, शौचानंतर, शिंकल्या-खोकल्यानंतर साबणाने वीस सेकंद हात धुवावेत. २०२१ च्या नियमांप्रमाणे गर्दीत मास्क लावावा. घराच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात. सॅनिटायझर जिथे साबण-पाणी नाही तिथे वापरावे, हात धुतल्यावर वरून आणखी एक थर म्हणून नव्हे. भाजी आणि फळे स्वच्छ पाण्याने धुवावीत. त्यांना साबण किंवा जंतुनाशक लावू नये, असे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२० मध्येच सांगितले आहे. किराणा बाल्कनीत ठेवण्याची, नोटा धुण्याची आणि प्रत्येकाने दारातून न्हाणीघर गाठण्याची आज गरज नाही. हा विषाणू मुख्यतः श्वासावाटे, बंद आणि कोंदट जागेत पसरतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१ मध्ये दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागण्यातून लागण होण्याची शक्यता दहा हजारांत एकाहूनही कमी असल्याचे सांगितले आहे.

मात्र हा आकडा वापरताना जपा. तो पत्नीला एकदा सांगावा, शांतपणे, आणि पुन्हा सांगू नये. दुसऱ्या दिवशी त्या 'दहा हजारांत एकच ना? नक्की ना?' असे विचारतील, आपण हो म्हणाल, आणि तिसऱ्या दिवशी 'तो एक आपणच असलो तर?' असा प्रश्न येईल. मग तो आकडाही साबणासारखाच झाला असे समजा. दिलासा मागणे हे या आजारातील तोंडाने हात धुणे आहे, आणि माझ्या अनुभवात घरोघरी आजार टिकून राहण्यास याच्याइतके दुसरे काही कारणीभूत नसते, कारण देणाऱ्याला आपण प्रेमच करतो आहोत असे वाटत असते.

दिलासा थांबवणे म्हणजे तोडून बोलणे मात्र नव्हे. प्रश्न आला की असे म्हणता येईल: "तुझ्या मनात शंका आली आहे आणि ती तुला छळते आहे, हे मला दिसते. मी उत्तर दिले की पाच मिनिटांनी ती आणखी मोठी होऊन येते, म्हणून मी उत्तर देणार नाही. मी इथे तुझ्याजवळ बसतो." हे वाक्य आधी शांत वेळी, त्यांच्याशी बोलून ठरवलेले हवे. अचानक एके दिवशी उत्तर देणे बंद केले, पाण्याचा कॉक फिरवला किंवा साबण लपवून ठेवला, तर घरात भांडण होईल आणि आजार एका इंचानेही हलणार नाही. मी असे पती पाहिले आहेत जे बाहेर उभे राहून नळ किती वेळ चालू आहे ते मोजतात आणि दार ठोठावतात. हेतू चांगला असतो. पण पत्नीच्या मनात त्यामुळे विषाणूच्या भीतीवर नवऱ्याची भीती येऊन बसते, आणि धुणे चोरून होऊ लागते.

याची दुसरी बाजू म्हणजे घरच्यांनी आजाराचे नियम पाळणे. आपण दारातून न्हाणीघरात जाता, मुलगी शाळेचे ऑनलाइन वर्ग संपल्यावर मोबाइल पुसते, सासूबाई देवपूजेपूर्वी दोनदा हात दाखवतात. हे सर्व जण भांडण टळावे म्हणून करतात, आणि प्रत्येक वेळी आजाराला सांगतात की तुझे म्हणणे खरे आहे. हे एकदम बंद करू नये, पण यांतील एक गोष्ट निवडून, पत्नीच्या संमतीने, ठरलेल्या दिवसापासून बंद करावी. सर्वात सोपी असेल ती आधी घ्यावी. आपण लिहिलेल्या गोष्टींपैकी नोटांपासून सुरुवात करावी असे मला वाटते, कारण नोटा स्वयंपाकात जात नाहीत आणि त्या धुतल्या नाहीत तर त्याची भीती तुलनेने सौम्य असते. दूध सर्वात शेवटी येईल.

उपचारांकडे वळतो. गोळ्या सुटणे हे आपल्या पत्नीच्या बाबतीत आजार उलटण्याचे बहुधा मोठे कारण आहे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेच्या ओसीडी क्लिनिकमधील डॉक्टरांनी साथीच्या काळात आपल्या रुग्णांचा पाठपुरावा केला, तेव्हा उपचार चालू असलेल्या रुग्णांचा आजार केवळ साथीमुळे फारसा बळावलेला त्यांना आढळला नाही. इटलीसारख्या काही ठिकाणांहून याच्या उलट निरीक्षणेही आली आहेत, तरी माझ्या दवाखान्यातील अनुभव निम्हान्सच्या जवळ जाणारा आहे: ज्यांचे औषध तुटले नाही, ते डगमगले पण पडले नाहीत. फ्लुऑक्सेटीन, सर्ट्रालीन, फ्लुवोक्सामीन, एस्सिटालोप्रॅम या गटातील औषधे ओसीडीत वापरतात; त्यांची मात्रा नैराश्यासाठी लागते त्याहून सहसा जास्त असते आणि परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. दोन आठवड्यांत फरक नाही म्हणून सोडून देणे, ही मी सर्वाधिक पाहिलेली चूक आहे. क्लोमिप्रॅमीन हे जुने औषधही गुणकारी आहे, पण ते देताना हृदयाची काळजी घ्यावी लागते. कृपा करून जुन्या चिठ्ठीवरची पूर्ण मात्रा आपल्या मनाने पुन्हा सुरू करू नका. वर्षभराच्या खंडानंतर ती हळूहळू चढवावी लागते. त्यासाठी प्रवास करण्याचीही गरज नाही. केंद्र सरकारने २५ मार्च २०२० रोजी टेलिमेडिसिनचे नियम प्रसिद्ध केले आहेत, आणि जुन्या रुग्णाला व्हिडिओवर तपासून औषध लिहून देणे त्यांत बसते. या औषधांमुळे कोविडची लस घेण्यास काही हरकत नाही. लसीकरण केंद्रावरील खुर्चीला हात लागेल म्हणून लस टाळणारे रुग्ण मला भेटले आहेत. त्यांना मी प्रथम लसीला पाठवले, बाकीचे नंतर.

औषधाच्या जोडीने जी वर्तनचिकित्सा लागते तिला ईआरपी (एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन) म्हणतात. भीती वाटते त्या गोष्टीला हळूहळू सामोरे जायचे आणि त्यानंतर धुण्याची क्रिया करायची नाही, एवढेच तिचे सूत्र आहे. १९६६ मध्ये लंडनला व्हिक्टर मेयर यांनी ही पद्धत प्रथम मांडली, आणि आजही तिला तोड नाही. साथीच्या सुरुवातीला जगभरातील ओसीडीच्या तज्ज्ञांनी असा सल्ला दिला होता की अस्वच्छतेच्या भीतीवरचे सराव तूर्त थांबवावेत, आजार वाढू नये एवढेच पाहावे आणि औषधांवर भर द्यावा. मीही एप्रिल २०२० पासून तसेच केले. विषाणूबद्दल आपल्याला इतके थोडे ठाऊक असताना रुग्णाला रेल्वेच्या दांड्याला हात लावायला सांगणे योग्य नव्हते. पण काही रुग्णांच्या बाबतीत हा विराम मी गरजेपेक्षा लांबवला असे आज वाटते, कारण दरम्यानच्या महिन्यांत त्यांच्या घरांत नवे नियम रुजले. आज सार्वजनिक नियमांच्या मर्यादेत राहून हे सराव निःशंकपणे सुरू करता येतात.

हे घरबसल्या कसे होते ते एका प्रसंगातून सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. एका बाईंनी फोन ओट्यावर डब्याला टेकवून उभा केला होता. समोर दुधाची पिशवी होती, नुकतीच आलेली, बाहेरून दव सुटलेली. आदल्या दिवशी आम्ही ठरवले होते की पिशवी एकदा नळाखाली धरायची, साबण लावायचा नाही, कात्रीने कोपरा कापायचा आणि दूध पातेल्यात ओतायचे. त्यांनी पिशवी धुतली आणि हात आपोआप साबणाच्या वडीकडे गेला; मी काही बोललो नाही, त्यांनीच तो मागे घेतला. दूध ओतले. मी भीती शंभरपैकी किती असे विचारले, तर नव्वद म्हणाल्या. त्यांच्या बोटांच्या बेचक्यांत सततच्या पाण्याने कातडी पांढरी पडून चिरा गेल्या होत्या आणि त्या बोटांनी त्या ओट्याची कड घट्ट धरून होत्या. दूध तापत ठेवले. आम्ही इतर काहीही न करता थांबलो. मी धीराचे शब्दही दिले नाहीत, कारण तोही दिलासाच झाला असता. बारा-तेरा मिनिटांनी दूध वर आले, त्यांनी गॅस बारीक केला आणि स्वतःच म्हणाल्या, साठ. चाळीस मिनिटांनी तीसवर आल्या. त्या दिवशी त्यांना खात्री पटली नव्हती. खात्री न पटताच चहा करता येतो, हे मात्र त्यांनी अनुभवले. पुढचे दहा दिवस रोज सकाळी हेच केले, आणि शेवटच्या दिवशी सुरुवातच तीसपासून झाली.

असे सराव शक्यतो चिकित्सकाच्या मार्गदर्शनाखाली करावेत, निदान पहिले काही. घरच्यांनी स्वतःच सुरू केले तर पहिल्या पाच मिनिटांतील घालमेल पाहवत नाही आणि मध्येच 'जाऊ दे, धुऊन टाक' असे तोंडून जाते. अर्ध्यावर सोडलेला सराव न केलेल्या सरावापेक्षा वाईट ठरतो.

बातम्यांना वेळ ठरवून द्यावा. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास, एकाच विश्वासू ठिकाणाहून, एवढे पुरे आहे. ऑक्सिमीटरबद्दलही बोलले पाहिजे, कारण बोटाला लावून रक्तातील ऑक्सिजन मोजणारे हे यंत्र एप्रिल २०२१ पासून जवळजवळ प्रत्येक घरात आले आहे. कोविड झालेल्याने दिवसातून तीन-चार वेळा पाहावा आणि ९४ च्या खाली गेल्यास डॉक्टरांना कळवावे, हा नियम. ज्यांना कोविड नाही त्यांनी तो कपाटात ठेवावा. निरोगी माणूस बोट घालून बसला की ९८ चे ९७ झालेले दिसते आणि एक नवा जप सुरू होतो.

दुसऱ्या लाटेने आणखी एक दुःख मागे ठेवले आहे. अनेक घरांत माणूस गेला, आणि मंत्रचळाचा रुग्ण रात्रंदिवस उजळणी करत राहतो की मी त्या दिवशी मास्क नाकाखाली ओढला होता का, दाराची कडी मीच पुसायची राहिली का, म्हणजे मीच आणला का. हे धुणे बाहेर दिसत नाही, ते मनातल्या मनात चालते. आपल्या घरी तसे घडले असेल तर डॉक्टरांना ते अवश्य सांगा, कारण साधा शोक आणि ही उजळणी यांचे उपचार वेगळे आहेत. आणि पत्नी जगण्याचा कंटाळा बोलून दाखवू लागल्या, खाणेपिणे सोडू लागल्या, किंवा अंगाला फिनाइल अथवा ब्लीचचे पाणी लावताना आढळल्या, तर वेळ ठरवत बसू नका. त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

पहिल्या आठवड्यात आपण एवढेच करा. जुन्या किंवा नव्या मनोविकारतज्ज्ञांची व्हिडिओ भेट ठरवा, आणि त्या भेटीसाठी पत्नीनेच एका वहीत तीन दिवस लिहून ठेवावे: धुण्यात किती वेळ गेला, कोणती शंका आली, कोणाला काय विचारले. आपण ती वही तपासू नये. दुसरे, घरात कोणते नियम राहतील हे दोघांनी मिळून एका कागदावर लिहा आणि कागद फ्रिजवर लावा, म्हणजे प्रत्येक वेळी आपल्याशी वाद होणार नाही, कागदाकडे बोट दाखवता येईल. साथ ओसरत गेली आणि सरकारने नियम सैल केले की कागदावरचा तो नियमही त्याच आठवड्यात खोडायचा, हे आजच ठरवून ठेवा. नंतर ठरवायला गेलात तर आजार त्या चर्चेत भाग घेईल.

मुलीच्या हातांना रात्री खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावा. चिरांतून रक्त किंवा पू येत असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. तिला हात केव्हा धुवायचे ते कागदावरून वाचून दाखवा आणि इतर वेळी धुवायची गरज नाही हेही सांगा. ते शक्य असेल तर पत्नीने स्वतः सांगावे. पहिल्या दिवशी त्यांना ते जमणार नाही. सांगताना आवाज कापेल, कदाचित डोळ्यांत पाणी येईल. तरी आपण मध्ये न बोलता त्यांना ते वाक्य पुरे करू द्या.